मीटलोफसाठी ग्लेझ आणि सॉस: कोणते, किती आणि केव्हा

खिमा, दुधात भिजवलेला पाव, अंडे आणि कांदा एकत्र मळून भाजलेला मीटलोफ आतून मऊ आणि चवीला सौम्य असतो. त्या सौम्यपणाला आंबट, गोड, खारट आणि तिखट अशी धार देण्याचे काम ग्लेझ आणि सॉस करतात. लोफ कितीही निगुतीने भाजला, तरी वरचा थर बेचव किंवा करपलेला असेल तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडते. उलट, साधासा लोफही चांगल्या ग्लेझमुळे किंवा गरम ग्रेव्हीमुळे आवडीने खाल्ला जातो.

ग्लेझ आणि सॉस यांतला फरक आधी नीट ध्यानात घ्यावा. ग्लेझ हे साखर आणि आंबटपणा असलेले घट्ट मिश्रण असते. ते भाजतानाच लोफवर पातळ थरांत लावतात, आणि ओव्हनच्या उष्णतेने ते आटून लोफला चिकटते व चकाकते. सॉस मात्र वेगळ्या भांड्यात शिजतो आणि वाढताना कापावर घातला जातो. पातळ सॉस भाजतानाच वरून ओतला, तर तो ओघळून तळाशी साचतो आणि लोफ त्यातच उकडला जातो. याउलट ग्लेझ न भाजता तसेच ताटात वाढले, तर ते नको तितके गोड आणि कच्चट लागते.

माझे मत असे आहे की ग्लेझ बिघडते ते प्रमाण चुकल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा ते चुकीच्या वेळी लावल्यामुळे किंवा ओल्या, तेलकट पृष्ठभागावर लावल्यामुळे बिघडते. म्हणून या लेखात कृतींइतकेच वेळेविषयीही सविस्तर लिहिले आहे.

मूळ केचप ग्लेझ

पुढील सर्व प्रमाणे सुमारे ९०० ग्रॅम खिम्याच्या लोफसाठी आहेत. मोठा चमचा १५ मिलिलिटरचा आणि लहान चमचा ५ मिलिलिटरचा धरावा.

एका लहान पातेल्यात १५० मिलिलिटर टोमॅटो केचप, ३ मोठे चमचे ब्राउन शुगर, दीड मोठा चमचा सफरचंदाचे व्हिनेगर, १ लहान चमचा मस्टर्ड (मोहरीची तयार पेस्ट), २ लहान चमचे वूस्टर सॉस आणि ताजी भरडलेली मिरी एकत्र करावी. पातेले मंद आचेवर ठेवून मिश्रण ५ ते ६ मिनिटे ढवळत राहावे. सुरुवातीला बुडबुडे लहान आणि चपळ असतात. पाणी आटत गेले की ते मोठे होतात, सावकाश फुटतात आणि फुटताना शिंतोडे उडवतात, म्हणून आच वाढवू नये. चमचा पातेल्याच्या तळावरून ओढल्यावर मागे राहिलेली वाट क्षणभर उघडी दिसली आणि मग हळूहळू मिटली, की ग्लेझ तयार झाले असे समजावे. वाट लगेच मिटत असेल तर आणखी दोन मिनिटे आटवावे, आणि मिटतच नसेल तर एक चमचा पाणी घालून सैल करावे.

केचपचीच निवड का, असा प्रश्न पडू शकतो. केचपमध्ये आटवलेला टोमॅटो, साखर, व्हिनेगर आणि मीठ असे सगळे आधीच एकत्र असते. शिवाय टोमॅटोत ग्लुटामेट हा चव देणारा घटक भरपूर असतो, आणि मांसात नैसर्गिकरीत्या असलेल्या इनोसिनेट या तशाच घटकाबरोबर तो आला की दोन्हींची रसदार, तोंडात रेंगाळणारी चव एकमेकांना वाढवते. वूस्टर सॉस घालण्यामागेही हेच कारण आहे, कारण त्यात आंबवलेले अँचोव्ही मासे असतात. मासे न खाणाऱ्यांसाठी स्वयंपाक करताना ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. त्यांच्यासाठी वूस्टर सॉसऐवजी १ लहान चमचा सोया सॉस घालावा.

चव पाहताना थोडा धीर धरावा. उकळते ग्लेझ जिभेला चटका देते आणि त्याची खरी चव कळत नाही. त्याहून चांगली रीत म्हणजे मळलेल्या खिम्याची सुपारीएवढी चपटी वडी करून तव्यावर पूर्ण भाजावी, तिच्यावर थोडे कोमट ग्लेझ लावावे आणि मग चाखावे. नुसते चाखल्यावर फार आंबट वाटणारे ग्लेझ खिम्याच्या स्निग्धपणाबरोबर नेमके बरोबर लागते, आणि नुसते खाताना छान वाटणारे ग्लेझ खिम्यावर बहुतेक वेळा गुळमट वाटते. खिम्यातले मीठ बरोबर आहे की नाही, हेही याच एका वडीत कळून जाते.

ग्लेझ केव्हा आणि कसे लावावे

मी सुरुवातीच्या काळात सगळे ग्लेझ कच्च्या लोफवरच ओतून तो ओव्हनमध्ये ठेवत असे. तासाभराने लोफच्या कडा काळ्या झालेल्या असत, मधोमध मात्र ग्लेझ ओले राहिलेले असे, आणि सुरी लावताच वरचा थर आख्खाच्या आख्खा घसरून ताटात पडे. याची कारणे दोन आहेत, आणि ती समजली की उपाय आपोआप सुचतो.

पहिले कारण साखरेचे. ग्लेझमध्ये पाणी आहे तोवर त्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फार वर जात नाही. पाणी आटले की मात्र ते भराभर चढते. केचप आणि मध यांत फ्रुक्टोज असते, आणि ही साखर सुमारे ११० अंशांपासूनच तांबूस होऊ लागते, तर साध्या साखरेला त्यासाठी १६० अंशांच्या आसपास पोचावे लागते. साहजिकच पातळ पसरलेल्या कडा आधी सुकतात आणि आधी करपतात.

दुसरे कारण लोफमधून सुटणाऱ्या रसाचे. खिमा तापू लागला की त्यातली प्रथिने आकसतात आणि पाणी व चरबी बाहेर ढकलतात. भाजण्याच्या पहिल्या अर्ध्या तासात हा रस पृष्ठभागावर झिरपत राहतो, आणि त्याच्यावर ग्लेझ असेल तर दोघांच्या मध्ये चरबीचा निसरडा थर तयार होतो. चरबीवर काहीही चिकटत नाही.

म्हणून लोफ आधी उघडाच भाजावा. ओव्हन १८० अंशांवर तापवून लोफ ३० ते ३५ मिनिटे भाजला, की त्याचा पृष्ठभाग घट्ट होतो आणि रंग राखाडीकडून तपकिरीकडे झुकू लागतो. हा रंगबदल दिसला की लोफ बाहेर काढावा, वर साचलेला रस किचन पेपरने हलक्या हाताने टिपून घ्यावा आणि ग्लेझचा पहिला थर ब्रशने पातळसर लावावा. हा थर चवीपेक्षा पकडीसाठी असतो. घराच्या भिंतीला रंग देण्यापूर्वी अस्तर लावतात, तसा. १० ते १२ मिनिटांनी तो सुकून मंद दिसू लागला की दुसरा थर त्याहून थोडा जाड लावावा आणि शेवटचा थर लोफ काढण्यापूर्वी ८ ते १० मिनिटे आधी द्यावा. तीन पातळ थर एका जाड थरापेक्षा नेहमी सरस ठरतात, कारण प्रत्येक थराला आटायला आणि खालच्या थरात मुरायला अवसर मिळतो.

घड्याळापेक्षा थर्मामीटरवर अधिक भरवसा ठेवावा. गाय, डुक्कर किंवा मेंढी यांच्या खिम्याचा लोफ मध्यभागी ७१ अंश सेल्सिअसला, तर कोंबडी किंवा टर्कीच्या खिम्याचा ७४ अंशांना पोचला पाहिजे. ग्लेझ सुंदर दिसते आहे म्हणून लोफ आधीच बाहेर काढणे धोक्याचे आहे. वरचा रंग जमला पण आत उष्णता कमी आहे, असे दिसले तर वर फॉइल सैलसर ठेवून भाजणे पुढे चालू ठेवावे. उलट आतून लोफ तयार झाला आणि ग्लेझ अजून फिकट असेल, तर ओव्हनचे वरचे ग्रिल लावून २ ते ३ मिनिटे ठेवावे. या दोन-तीन मिनिटांत ओव्हनसमोरून हलू नये. ग्लेझवर बारीक फोड येऊन त्यांची टोके गडद झाली, की त्याच क्षणी लोफ बाहेर काढावा. त्यानंतरचे अर्धे मिनिटही महाग पडते.

ब्रशविषयी एक काळजी आवश्यक आहे. पहिला थर लावताना ब्रश अर्धवट शिजलेल्या मांसाला लागतो आणि तोच पुन्हा ग्लेझच्या भांड्यात बुडतो. म्हणून ताटात वाढण्यासाठी थोडे ग्लेझ हवे असेल, तर सुरुवातीलाच ते वेगळ्या वाटीत काढून ठेवावे. ब्रश लागलेले ग्लेझ उरले तर ते नीट उकळल्याशिवाय कोणाला वाढू नये.

लोफ ब्रेडच्या साच्यात भाजावा की सपाट ट्रेवर हाताने आकार देऊन भाजावा, याचाही ग्लेझशी थेट संबंध आहे. साच्यात लोफच्या बाजू सुटलेल्या रसात उकडल्या जातात आणि ग्लेझ लावायला फक्त वरची पट्टी उरते. ट्रेवर भाजलेल्या लोफच्या बाजूही कोरड्या होतात, तिथेही ग्लेझ लावता येते आणि प्रत्येक कापाला तीन बाजूंनी चव मिळते. मी ट्रेचाच आग्रह धरेन. साचाच वापरायचा असेल, तर ग्लेझ लावण्यापूर्वी साचा सांभाळून तिरका धरून साचलेला रस ओतून घ्यावा. हा रस फेकू नये, पुढे ग्रेव्हीला लागतो.

बाहेर काढल्यावर लोफ १० ते १५ मिनिटे तसाच ठेवावा. आतला रस तेवढ्या वेळात स्थिरावतो आणि ग्लेझही थोडे आळते. त्यानंतर दातेरी सुरीने न दाबता कापले, तर वरचा थर कापाला धरून राहतो.

ग्लेझचे इतर प्रकार

मूळ कृतीची घडण एकदा समजली, म्हणजे एक गोड, एक आंबट, एक खारट आणि एक तिखट घटक असे गणित मनात बसले, की त्यातला कोणताही घटक बदलता येतो.

धुरकट चवीसाठी केचप १२० मिलिलिटर घेऊन त्यात २ मोठे चमचे मोलॅसिस (साखर तयार करताना उरणारा दाट, काळसर पाक), २ मोठे चमचे व्हिनेगर, १ लहान चमचा स्मोक्ड पॅप्रिका (धुरावलेल्या लाल मिरचीची पूड), अर्धा लहान चमचा लसूण पावडर आणि चिमूटभर लाल तिखट घालावे. मोलॅसिसची किंचित कडवट चव गायीच्या किंवा मेंढीच्या खिम्याला शोभते, पण कोंबडीच्या खिम्यावर ती भारी पडते.

सोया आणि मधाच्या ग्लेझसाठी ४ मोठे चमचे सोया सॉस, ३ मोठे चमचे मध, १ मोठा चमचा तांदळाचे व्हिनेगर, १ लहान चमचा किसलेले आले आणि एक ठेचलेली लसूण पाकळी एकत्र करून निम्मे होईपर्यंत आटवावे. मधातल्या फ्रुक्टोजमुळे हे ग्लेझ झपाट्याने रंग धरते, म्हणून ते फक्त शेवटच्या १५ मिनिटांत दोन थरांत लावावे. सोया सॉस बराच खारट असतो, आणि आटवल्यावर तो खारटपणा आणखी वाढतो. अशा वेळी खिम्यातले मीठ नेहमीच्या निम्म्यावर आणावे. घरात एक वर्षाखालील मूल असेल तर मध असलेले काहीही त्याला भरवू नये. शिजवलेला मधही त्याला अपवाद नाही.

कोंबडी आणि टर्कीचा खिमा चवीने हलका आणि कोरडा असतो, त्याला फळांचे ग्लेझ चांगले मानवते. १०० ग्रॅम जर्दाळूचा जॅम, १ मोठा चमचा दिजाँ मस्टर्ड, १ मोठा चमचा व्हिनेगर, १ मोठा चमचा बटर आणि चवीपुरते मीठ मंद आचेवर विरघळवून घेतले, की काम झाले. जॅम आधीच घट्ट असल्याने ते आटवावे लागत नाही. बटर इथे मुद्दाम घातले आहे, कारण या खिम्यातून वर येणारी चरबी कमी असते आणि ग्लेझ सुकून पापुद्र्यासारखे उचलले जाण्याची भीती असते.

बाल्सामिक व्हिनेगरचे ग्लेझ दिसायला सर्वांत सुरेख. २०० मिलिलिटर व्हिनेगर आणि २ मोठे चमचे ब्राउन शुगर पाव भाग उरेपर्यंत आटवावे; त्याला १५ मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. थंड झाल्यावर ते आणखी घट्ट होते, म्हणून चमच्याच्या पाठीवर पातळ थर टिकू लागला की लगेच उतरवावे. हे भाजताना लावण्यापेक्षा भाजून झाल्यावर बारीक धारेने सोडणे अधिक चांगले.

दोन गोष्टी सर्वच ग्लेझना लागू आहेत. व्हिनेगरचा टवटवीत वास उष्णतेने उडून जातो, म्हणून ठरलेल्या मापातला एक लहान चमचा राखून ठेवावा आणि आच बंद केल्यावर घालावा. मस्टर्डचा नाकात जाणारा झणकाही शिजवल्यावर नाहीसा होतो. तो हवा असेल तर मस्टर्ड शेवटच्या थरातच मिसळावे.

वाढताना लागणारे सॉस

लोफवर गोड ग्लेझ असेल तर जोडीला सॉस देऊ नये, किंवा दिलाच तर तो अगदी आंबट, ताजा असावा. दोन दाट, गडद चवी एकमेकींना झाकून टाकतात. म्हणून ग्रेव्हीसाठीचा लोफ मी ग्लेझशिवाय भाजते आणि वर फक्त थोडे बटर लावते.

मशरूमची ग्रेव्ही ही या सर्वांत माझ्या विशेष जिव्हाळ्याची. २५० ग्रॅम मशरूम जाडसर चिरून रुंद, चांगल्या तापलेल्या पॅनमध्ये काहीही न घालता कोरडेच टाकावे. आधी ते पाणी सोडतात आणि पॅनमध्ये तळे साचल्यासारखे दिसते. घाबरून आच कमी करू नये. ६ ते ७ मिनिटांत पाणी उडून जाते, खदखदण्याचा आवाज थांबून चरचर ऐकू येऊ लागते आणि मशरूमच्या कडा तांबूस होतात. या टप्प्यावर ३० ग्रॅम बटर आणि एक बारीक चिरलेला कांदा घालून कांदा मऊ होईपर्यंत परतावे. मग २५ ग्रॅम मैदा भुरभुरून दोन मिनिटे परतावे, म्हणजे त्याचा कच्चा वास जातो. आता ४५० मिलिलिटर गरम स्टॉक (हाडे किंवा भाज्या उकळून गाळलेले पाणी) थोडा थोडा घालत, दर वेळी गुठळ्या मोडत, ढवळत जावे. ग्रेव्हीला एक उकळी आली पाहिजे, कारण मैद्यातला स्टार्च पूर्ण फुलून दाटपणा येतो तो उकळीच्या सुमारासच. नंतर मंद आचेवर ५ मिनिटे ठेवावी. शेवटी १ लहान चमचा सोया सॉस, मिरी आणि लिंबाच्या रसाचे काही थेंब घालावेत. मीठ सर्वांत शेवटी, स्टॉक किती खारट आहे ते चाखून मगच.

ट्रेमधला रस याच ग्रेव्हीत वापरावा. तो उंच ग्लासात ओतून काही मिनिटे ठेवला की चरबी वर तरंगते; ती चमच्याने काढून बटरऐवजी वापरता येते, आणि खालचा तपकिरी रस स्टॉकमध्ये मिसळता येतो. ट्रेला चिकटलेले तपकिरी कण थोडे गरम पाणी घालून लाकडी चमच्याने खरवडले की सुटतात आणि तेही चवीला उत्तम असतात. मात्र लोफवर ग्लेझ लावले असेल, तर ट्रेवर ओघळलेली साखर जळलेली असण्याची शक्यता असते. अशा वेळी रस आधी चाखावा. कडू लागला तर मोह टाळावा, कारण चमचाभर कडू रस पातेलेभर ग्रेव्ही वाया घालवतो.

टोमॅटो सॉस सोपा आहे. २ मोठे चमचे ऑलिव्ह तेलात एक कांदा आणि दोन लसूण पाकळ्या परतून ४०० ग्रॅम डब्यातले टोमॅटो घालावेत आणि झाकण न ठेवता २० ते २५ मिनिटे शिजू द्यावेत. कडेला तेल सुटलेले दिसले की सॉस झाला. ग्लेझपेक्षा यात साखर कमी, म्हणून ज्यांना गोड मांसाहार आवडत नाही त्यांच्यासाठी हा सर्वांत योग्य.

गरम लोफबरोबर थंड सॉसही रंगतो. १५० ग्रॅम सावर क्रीममध्ये १ मोठा चमचा मस्टर्ड, थोडा लिंबाचा रस आणि बारीक चिरलेली कांद्याची पात मिसळली, तर पाच मिनिटांत सॉस तयार होतो. हिरव्या सॉससाठी ३० ग्रॅम पार्सली बारीक चिरून त्यात दोन ठेचलेल्या लसूण पाकळ्या, २ मोठे चमचे रेड वाइन व्हिनेगर, ६ मोठे चमचे ऑलिव्ह तेल, अर्धा लहान चमचा मीठ आणि चिली फ्लेक्स घालून २० मिनिटे मुरू द्यावे. पार्सली मिक्सरमध्ये न वाटता सुरीने चिरावी. मिक्सरमध्ये वाटली तर सॉसचा चोथा होतो आणि रंगही काळवंडतो. गोड ग्लेझच्या लोफबरोबर चालणारा आंबट, ताजा सॉस तो हाच. कच्ची लसूण तेलात असल्यामुळे हा सॉस फ्रिजमध्येच ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत संपवावा.

काही बिघडल्यास

ग्लेझ फार गोड झाले तर मीठ वाढवण्याआधी व्हिनेगर किंवा लिंबू घालून पाहावे. बहुतेक वेळा तेवढे पुरते. फार आंबट झाले तर साखरेपेक्षा बटरचा लहान तुकडा अधिक चांगले काम करतो. ग्लेझ पातळ राहिले म्हणून त्यात कॉर्नफ्लोअर घालण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण आंबट मिश्रणात उष्णतेने स्टार्च तुटतो आणि ओव्हनमध्ये ते पुन्हा सैल पडते; ते आटवावेच. ग्रेव्हीला मात्र कॉर्नफ्लोअर चालते: १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर २ मोठे चमचे थंड पाण्यात कालवून उकळत्या ग्रेव्हीत घातले, तर सुमारे २५० मिलिलिटर ग्रेव्ही दाट होते. गुठळ्या झाल्या तर ग्रेव्ही गाळून घ्यावी. वरचा थर थोडासा करपला असेल, तर तेवढाच भाग सुरीने खरवडून काढावा, राखून ठेवलेले ग्लेझ गरम करून पातळ लावावे आणि लोफ पुन्हा ग्रिलखाली न नेता तसाच वाढावा.

उरलेला लोफ दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन ते चार दिवसांत संपवावा. ग्लेझ लावलेला लोफ मायक्रोवेव्हमध्ये गरम केला की वरचा थर पाणचट होतो. त्याऐवजी बोटभर जाडीचे काप करून तव्यावर थोड्या बटरमध्ये मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी खमंग भाजावेत, आतपर्यंत वाफाळते गरम होऊ द्यावेत आणि ग्लेझची कड सर्वांत शेवटी, फक्त काही सेकंद, तव्याला टेकवावी.